बाहेरचं बटण

भाऊरावाशी वाद घालायचा असेल तर आधी त्याच्या हातात काय आहे ते बघून घ्यावं, असं सुरतच्या लिंबायतमधली जुनी माणसं अजून सांगतात. चहाचा कप असेल तर कप फुटेल, एवढंच. वायर तोडायची पकड असेल तर दुसऱ्या दिवशी बोललेलं बरं. आता गडी साठीला आला, दाढीचे खुंट पांढरे झाले, जिना चढताना धाप लागते, पण जित्याची खोड मेल्याशिवाय जात नाही म्हणतात ते काही उगीच नाही.

मूळचा चोपड्याकडचा. बापाच्या मागे लहानपणीच सुरतेला आला आणि मिसरूड फुटायच्या आत कापडाच्या लुमच्या कारखान्यात चिकटला. तिथल्या मुकादमाला हात उचलायची सवय होती. कुणाचा धागा तुटला, कुणाला डुलकी लागली, की दिलीच ठेवून कानाखाली. एका चौदा एप्रिलला धम्मपाल नावाच्या कामगारानं सुट्टी मागितली. मुकादमानं त्याला सगळ्यांसमोर कमरेत लाथ घातली आणि वर जातीवरून बोलला. भाऊरावानं शांतपणे आपलं मशीन बंद केलं, कोपऱ्यातला लोखंडी दांडा उचलला आणि मुकादमाच्या खांद्यावर असा हाणला की लुमच्या खडखडाटातसुद्धा हाड मोडल्याचं ऐकू आलं. मुकादम पडला तरी हा थांबेना. चार माणसांनी ओढून काढला तेव्हा मुकादमाचा जीव वाचला. हात मात्र जन्माचा लुळा पडला.

भाऊराव लाजपोरच्या जेलात गेला. वायरिंगचं काम तो तिथे एका कैद्याकडून शिकला. केशरबाई, म्हणजे त्याची बायको, लेकीला कडेवर घेऊन भेटायला यायची. नीलम तेव्हा नुकती बोलायला लागली होती आणि अंधाराला फार भ्यायची. जाळीपलीकडून ती दर वेळी एकच विचारायची, "पप्पा, रात्री इथे लाईट बंद करतात?"

"नाही गं. इथे रात्रभर लाईट चालूच असते," भाऊराव सांगायचा. मग ती खूश व्हायची. जेल म्हणजे चांगली जागा, असं तिला बरेच दिवस वाटत होतं.

सुटून आल्यावर त्यानं लुमचं नाव टाकलं आणि वायरमन झाला. बारीक कामात हात गुंतलेला राहिला की डोकं थंड राहतं, हे त्याला उमगलं होतं. तरी एकदा घरात त्यानं केशरबाईवर हात उचलला. बाई भाकरी भाजत होती. तिनं तापलेलं उलथनं त्याच्या मनगटावर टेकवलं आणि तो ओरडेपर्यंत काढलं नाही. डाग अजून आहे. त्यानंतर घरात हात उचलायचा विषय कायमचा मिटला. केशरबाई तो डाग आल्यागेल्याला दाखवते, दागिना दाखवावा तसा.

तर अशा माणसाची ही एकुलती एक लेक. तिचं लग्न भेस्तानच्या राकेशशी झालं. एम्ब्रॉयडरीच्या कारखान्यात मेकॅनिक, चौथ्या मजल्यावर स्वतःचा फ्लॅट, आणि बोलायला असा गोड की मुंग्या लागाव्यात. भाऊरावाला "मामा, मामा" करायचा, जेवताना सासूला "मामी, आधी तुम्ही बसा" म्हणायचा. भाऊरावाला वाटलं, चला, पोरगी सुखाला लागली. पोरगी माहेरी येईनाशी झाली तेव्हाही त्याला तेच वाटलं.

मे महिन्यात एक दिवस नीलमचा फोन आला.

"पप्पा, आमच्या बाथरूममध्ये ते सेन्सरवालं बसवून द्या ना. माणूस आत गेला की लाईट आणि एक्झॉस्ट फॅन आपोआप लागतं ते. पण राकेश कामावर असताना या. त्याला सरप्राइज द्यायचंय."

भाऊराव फोन ठेवून बडबडला, "बटण दाबायला यांची बोटं झिजतात आता. उद्या तोंडात घास घालायलाही सेन्सर मागतील."

केशरबाई मिरच्या निवडता निवडता म्हणाली, "जाय ना मग. पोरगी बलाई राहिनी ना." पोरगी बोलावतेय तर जा, असं. घरात ती अहिराणीच बोलते आणि ती बोलली की भाऊराव निघतो.

बाथरूम कसलं, उभं कपाट होतं. वर जिन्याच्या बाजूला उघडणारा एक झरोका, त्यालाही काच बसवून बंद केलेला. आत पाय ठेवला तर घामानं अंगाला शर्ट चिकटला. "इथे श्वास कसा घेता गं तुम्ही?" भाऊराव म्हणाला. त्यानं हातोडीनं काच फोडली, ड्रिल मशीन लावलं आणि भिंत फोडायला सुरुवात केली. सिमेंटचा धुरळा डोळ्यांत, कानांत, तोंडात. नीलम दारात उभी राहून सगळं बघत होती. तिच्या मनगटावर काळानिळा वळ होता.

"हे काय?"

"बादली उचलताना लागलं."

दाराला बाहेरून दोन कड्या होत्या. एक जुनी, बारीक, आणि वर दुसरी, नवी, दुकानाच्या शटरला शोभेल अशी जाड. "ही कशाला?"

"मांजर शिरतं, पप्पा."

चौथ्या मजल्यावर मांजर. भाऊरावाच्या मनात आलं खरं, पण दोन्ही हात डोक्याच्या वर होते आणि दातांत स्क्रू धरलेले होते. आतल्या बाजूनं प्लास्टिकच्या दारावर ओरखडेही होते. त्याची नजर तिकडे गेली तोच नीलम म्हणाली, "ते मांजरानंच केलंय."

झरोक्यात पंखा बसला, छताला सेन्सर बसला. तो वायरी जोडत असताना नीलम हळूच म्हणाली, "पप्पा, हे बाहेरून कुणाला बंद करता येणार नाही ना?"

"अगं, आतला माणूस हलला की लाईट लागते, पंखा फिरतो. हलायचा थांबला की जरा वेळानं दोन्ही बंद. बाहेरच्याचा काय संबंध?"

"आणि कुणी मेनच पाडली तर?"

"मेन पाडली तर सगळं घर बंद. टीव्ही, फ्रीज, सगळं."

"मग ठीक आहे. टीव्ही कोणी बंद करणार नाही," ती म्हणाली आणि पहिल्यांदाच जरा सैल होऊन भिंतीला टेकली.

आता इथे एक गोष्ट समजून घेतली पाहिजे. आपल्याकडे बाथरूमचं बटण असतं बाहेर. ओल्या हातानं कुणी दाबू नये, म्हणून. भाऊरावानं आयुष्यभर शेकडो बाथरूमांची बटणं बाहेरच लावली होती. आणि सेन्सर बसवताना वायरमन लोक ते जुनं बटण काढत नाहीत. त्याच्याच वायरीतून वीज घ्यायची, म्हणजे भिंत कमी फोडावी लागते आणि सेन्सर बिघडला तर बंद करायची सोय राहते. भाऊरावानं डोकं चालवलंच नाही, हातानं नेहमीचं काम केलं. वीज बाहेरच्या बटणातून आत आली. बटण चालू असेल तोवर सेन्सर आपलं काम करणार, बटण बंद केलं की सेन्सर मेला.

तो हत्यारं आवरत होता तेवढ्यात राकेश आला. कारखान्यात वीज गेली म्हणून लवकर सुटला होता.

"अरे मामा! कधी आलात? फोन तरी करायचा." मग छताकडे बघून, "हे काय नवीन?"

नीलमच्या चेहऱ्यावरचं रक्त उतरलं. भाऊरावाला वाटलं, सरप्राइज फुटलं म्हणून पोरगी हिरमुसली. त्यानंच पुढाकार घेतला. आत गेला, लाईट लागली, पंखा घरघरला. बाहेर येऊन, कौतुकानं, सगळं समजावलं. आणि शेवटी म्हणाला, "बिघडलं तर काळजी नको. हे बाहेरचं बटण आहेच. हे दाबलं की आतलं सगळं बंद."

नीलमच्या हातातून पाण्याचा तांब्या पडला.

राकेशनं बटणाकडे बघितलं, नीलमकडे बघितलं आणि हसला. "वा मामा. हे बेस्ट केलंत."

चहा पिऊन भाऊराव निघाला. शेअर रिक्षात मागच्या सीटवर दोघांच्या मध्ये चेपून बसला, मांडीवर हत्यारांची पिशवी. उधन्याच्या दिशेनं रिक्षा धावत होती आणि त्याच्या डोळ्यांसमोरून तो पडलेला तांब्या जाईना. सरप्राइज फुटलं म्हणून कुणी असं पांढरं पडतं? मग त्याला दारावरचे ओरखडे आठवले. मांजर ओरबाडतं ते खाली, जमिनीलगत. हे ओरखडे त्याच्या छातीइतके वर होते. मांजर आत यायला बघतं तर बाहेरून ओरबाडेल. हे आतून होते.

बाहेरून कुणाला बंद करता येणार नाही ना, असं पोरीनं तोंडानं विचारलं होतं. आणि यानं त्या नराधमाला स्वतः, बोट ठेवून, बटण दाखवलं होतं.

"थांबव," तो रिक्षावाल्याला म्हणाला. त्याचा आवाज ऐकून रिक्षावाल्यानं भर रस्त्यात ब्रेक मारला.

चौथा मजला चढेपर्यंत त्याची छाती फुटायला आली होती. फ्लॅटचं दार बंद. आत टीव्हीवर मॅच, आवाज सगळा जिना ऐकेल एवढा. जिन्याकडच्या झरोक्यात नवा पंखा बसलेला दिसत होता. पाती थांबलेली होती आणि मागे काळोख होता. तो बेलकडे हात नेणार, तोच शेजारचं दार उघडलं. सरलाबाई नावाची एक ठेंगणी म्हातारी बाहेर आली.

"तुम्ही कोण?"

"नीलमचा बाप."

"मग बेल दाबू नका. बेल वाजली की तो टीव्ही आणखी मोठा करतो." बाईनं पदर खोचला. "आधी मारतो, मग त्या न्हाणीघरात कोंडतो आणि लाईट घालवतो. कधी तास, कधी रात्रभर. मी पोलिसांना फोन करते म्हटलं तर तुमचीच पोरगी पाया पडते. म्हणते, पप्पांना कळलं तर पप्पा त्याचा खून करतील आणि परत जेलात जातील."

भाऊरावानं पिशवीतली हातोडी काढली आणि कुलपावर घातली. फळी चिरली. पुन्हा घातली, मग खांद्यानं धक्का दिला आणि दारासकट आत कोसळला.

राकेश हाफ पॅन्टवर सोफ्यात पसरला होता, हातात रिमोट. "अरे मामा, शांति राखो," एवढंच त्याच्या तोंडून निघालं. भाऊरावानं त्याचे केस धरले आणि तोंड समोरच्या काचेच्या टीपॉयवर आपटलं. काच तडकली, राकेशच्या भुवईतून रक्ताची धार लागली. पण तोही तरणाबांड होता. त्यानं चाचपडत पाण्याची स्टीलची बाटली उचलली आणि म्हाताऱ्याच्या पोटात मारली, मग कानशिलात. भाऊरावाच्या डोळ्यांपुढे काजवे चमकले. तो गुडघ्यावर आला. राकेशनं त्याच्या बरगडीत लाथ घातली.

"थेरड्या, माझ्या घरात येऊन मला मारतोस? तुझ्या पोरीला विचार, तिला काय काय खायला मिळतं ते."

हे बोलला नसता तर बरं झालं असतं. भाऊरावानं खाली पडल्या पडल्या त्याचा पाय धरून ओढला. राकेश पाठीवर आदळला आणि उठायच्या आत हातोडीचा दांडा त्याच्या मनगटावर बसला. काड्कन आवाज झाला. मग भाऊराव त्याच्या छातीवर गुडघा रोवून बसला. हातोडी कुठेतरी फेकली गेली होती. हाताला स्क्रू-ड्रायव्हर लागला. त्यानं त्याचं टोक राकेशच्या गळ्यावर, जिथे शीर उडत होती तिथे, टेकवलं आणि दाबलं. कातडी फाटून रक्ताचा थेंब आला. आता तेवढं अंगाचं वजन टाकायचं बाकी होतं. त्याला खरंच टाकायचं होतं. मुकादमाच्या वेळी जे ओढून काढणारे होते ते इथे कुणी नव्हते.

बाथरूमच्या दारावर आतून टकटक झाली.

"पप्पा? पप्पा, तुम्हीच आहात ना?" नीलमचा आवाज अगदी लहान झाला होता. "त्याला मारू नका. तुम्ही जेलात गेलात तर मला इथून न्यायला कोण येणार?"

भाऊरावानं स्क्रू-ड्रायव्हर गळ्यावरून काढला. वजन टाकायचं राहिलं.

मागोमाग आत आलेल्या सरलाबाईनं दोन्ही कड्या काढल्या. नीलम बाहेर आली ती भिंतीला धरून. ओठ फुटलेला, केस घामानं चिकटलेले, नखांत प्लास्टिकचा भुगा. लेकीला बघून भाऊरावाला हुंदका फुटला आणि त्याच हुंदक्यात त्यानं राकेशला केसांना धरून फरफटत नेलं, बाथरूममध्ये ढकललं आणि जाड कडी घातली. बटण बंदच होतं. आत काळोख, पंखा बंद, झरोक्याची हवा पात्यांनी अडवलेली.

राकेश दारावर लाथा घालायला लागला. शिव्या दिल्या, पोलिसांत देईन म्हणाला, हात मोडला म्हणून विव्हळला. मग आवाज बदलला. "नीलम, लाईट लाव. गुदमरायला होतंय. नीलम, प्लीज."

नीलम दाराजवळ गेली. दाराला तोंड लावून, शांतपणे, लहान मुलाला समजवावं तसं म्हणाली, "असं आपटायचं नाही. गप्प उभं राहायचं. आवाज आला की वेळ वाढणार. एकदम गप्प राहिलास तर विचार करीन."

ते शब्द तिचे नव्हते. तिनं ते इतक्या वेळा ऐकले होते की चालीसकट पाठ झाले होते. आत एकदम शांतता पसरली. राकेशनंही ओळखले असणार. आयुष्यात कशाला न भ्यालेला भाऊराव लेकीचा तो आवाज ऐकून भ्याला.

"बस झालं बेटा," तो म्हणाला आणि बटणाकडे हात नेला. "लावतो मी. आपण निघू."

नीलमनं त्याचा हात धरला. "बटण दाबायचं नाही, पप्पा. काढून टाका."

"आता कशाला? तू कुठे इथे राहणार आहेस?"

"मी नाही राहणार. पण माझ्यानंतर तो दुसरी कुणीतरी आणेलच ना."

भाऊरावानं डोळे पुसले, जमिनीवर सांडलेल्या हत्यारांतून पकड आणि टेप शोधली आणि बोर्डाचे स्क्रू खोलले. मेन पाडायची त्याला गरज नव्हती, चालू लाईनवर काम करण्यात त्याची हयात गेली होती. बोटांना राकेशचं रक्त लागलं होतं म्हणून त्यानं आधी ती शर्टाला घासून कोरडी केली. बटणाच्या दोन्ही वायरी सोडवल्या, बटण उपटून काढलं आणि वायरी पकडीनं एकमेकींत पिळल्या. दाराच्या फटीतून उजेड बाहेर आला. पंखा घरघरला. त्यानं वायरींवर टेपचे वेढे दिले, वेढे देतच राहिला, शेवटी सरलाबाई म्हणाली, "पुरे करा, भाऊ."

मग त्यानं दोन्ही कड्या दारावरून खोलल्या. आता दार नुसतं लोटलेलं होतं. आतला माणूस बाहेर यायला मोकळा होता, पण आला नाही. भाऊरावानं बटण आणि कड्या पिशवीत टाकल्या. नीलमनं घरातली दुसरी कोणतीच वस्तू घेतली नाही.

तिघं जिन्यात आली. सरलाबाईला धीर धरवेना. "अगं, आत एकदम गप्प झालाय. जिवंत आहे ना? नाहीतर तुझा बाप फुकट अडकायचा."

नीलमनं वर झरोक्याकडे बोट दाखवलं. पाती जोरात फिरत होती आणि त्यांच्यामधून उजेड तुटत तुटत जिन्यावर पडत होता.

"पंखा फिरतोय, काकू. म्हणजे हलतोय."

मग ती कठडा धरून एकेक पायरी उतरली आणि खाली रिक्षावाल्याला आधी पोलीस स्टेशनला घ्यायला सांगितलं.